फळी का फुगते? डब्ल्यूपीसी आणि पाणी : वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात वुड प्लास्टिक कंपोझिटवर, म्हणजे सगळे ज्याला नुसतं डब्ल्यूपीसी म्हणतात त्यावर, जाता जाता दोन ओळी लिहिल्या होत्या आणि त्यावर इतके प्रश्न आले की यावेळचं सगळं सदर त्यालाच देतेय. नाशिकमधल्या गच्चीवरच्या डेकपासून अंबडच्या कारखान्याच्या शेडपर्यंत सगळ्यांचं दुखणं एकच आहे, पाणी. प्रश्न थोडे छोटे केलेत आणि नावं काढून टाकलीत.

ताई, पाथर्डी फाट्याजवळ आमचं रो हाऊस आहे. गच्चीवर डब्ल्यूपीसीचा डेक टाकला तेव्हा दुकानदार म्हणाला शंभर टक्के वॉटरप्रूफ, आयुष्यभर बघायला नको. आता तिसरा पावसाळा आणि तुळशीच्या कुंडीपाशी दोन फळ्या टोकाला फुगल्यात, हात फिरवला की खडबडीत लागतं, काळे ठिपकेही आलेत. वरून ऑइल पेंट मारला तर चालेल का? (एक गृहिणी, पाथर्डी फाटा)

ताई, पेंट अजिबात मारू नका, का ते सांगते. डेकच्या फळीत साधारण निम्मा किंवा त्याहून थोडा जास्त लाकडाचा भुसा असतो आणि बाकीचं प्लास्टिक, बहुतेक वेळा एचडीपीई, म्हणजे कडक जातीचं पॉलिथिलीन. प्लास्टिक पाणी पीत नाही, भुसा पितो. कारखान्यातून फळी निघते तेव्हा तिच्या अंगावर प्लास्टिकचा एक पातळ पापुद्रा असतो, तो आतल्या भुशाला झाकून ठेवतो. पण मिस्त्रीने तुमच्या गच्चीच्या मापाने फळी कापली की कापलेल्या टोकाला भुशाचे कण उघडे पडतात, स्क्रूसाठी भोक पाडलं तिथेही तेच, आणि लाकडासारखं दिसावं म्हणून कंपनीनेच वरून ब्रश किंवा सँडिंग केलेलं असेल तर तिथलाही पापुद्रा गेलेला असतो. तुमची फळी टोकाला फुगलीये, मधे नाही, म्हणजे पाणी कुठून शिरलं हे स्पष्टच आहे. त्यात तुळशीला रोज सकाळी पाणी, कुंडीच्या बुडाखालची ओल कधी सुकतच नाही, त्यामुळे सगळ्या नाशिकचा पावसाळा संपला तरी त्या दोन फळ्यांचा संपत नाही.

आता करायचं काय. कुंडी तिथून उचला आणि उंच पायाच्या स्टँडवर, फळीच्या टोकापासून लांब ठेवा. फळ्या पूर्ण सुकू द्या, घाई नको, फेब्रुवारी-मार्चचं कोरडं ऊन लागू दे. फुगलेलं टोक सुकल्यावर थोडं बसेल पण पहिल्यासारखं होणार नाही, कारण भुशाचा कण फुगताना भोवतीच्या प्लास्टिकला ढकलतो, तिथे बारीक चिरा पडतात आणि कण परत आकसला तरी चिरा तशाच राहतात, पुढच्या वर्षी पाणी त्याच चिरांतून अजून लवकर आत जातं. म्हणून शक्य असेल तर फुगलेला तेवढा तुकडा कापून टाका आणि नव्या कापाला इपॉक्सी किंवा पीयू (पॉलियुरेथेन) सीलरचे दोन हात द्या, स्क्रूच्या भोकांतही. रंग पूर्ण फळीवर नको कारण एचडीपीईवर रंग धरतच नाही, वर्षभरात पोपडे निघतात.

काळे ठिपके म्हणजे बुरशी, ती वरवरची आहे, साबणाचं पाणी आणि मऊ ब्रशने जाईल. प्रेशर वॉशर जवळून मारू नका, उरलासुरला पापुद्रा तोही उडवतो. आणि एकदा खाली वाकून बघा की डेकच्या खालून वारा खेळतो का, फळ्यांच्या फटीत पालापाचोळा अडकून पाण्याची वाट बंद झालीये का, गच्चीचा उतार नळीकडे आहे का. खालून कोंडलेली ओल दिसत नाही पण ती वरच्या पावसापेक्षा जास्त वाईट.

मॅडम, अंबडला छोटं युनिट आहे, ट्विन स्क्रू एक्सट्रूडर (भुसा-प्लास्टिक वितळवून फळी काढणारं मशीन), रिप्रोसेस एचडीपीई आणि सॉ मिलचा भुसा ५५ टक्के. हिवाळ्यात उन्हाळ्यात माल बरा निघतो पण जून ते सप्टेंबर फळीच्या आत बारीक भोकं दिसतात आणि पार्टीच्या लॅबमध्ये पाण्याचं शोषण जास्त येतं, लॉट परत येतो. कपलिंग एजंट १ टक्का आणि लुब्रिकंट म्हणून झिंक स्टिअरेट टाकतो. एजंट वाढवून किती करू? भुसा कमी केला तर रेट बसत नाही. (एक लघुउद्योजक, अंबड)

दादा, तुमच्या पत्रातच अर्धं उत्तर आहे, जून ते सप्टेंबर. कपलिंग एजंट, म्हणजे भुसा आणि प्लास्टिक जोडणारं रसायन, नंतर बघू, आधी ड्रायर.

हिशोब करून बघा. एप्रिलमध्ये नाशिकची हवा इतकी कोरडी असते की उघड्यावरच्या भुशात ५-६ टक्के पाणी असतं, तोच भुसा जुलैच्या दमट हवेत १५ टक्क्यांच्या पुढे जातो. समजा थोडाफार वाळवून तुम्ही तो ८ टक्क्यांवर आणला. १०० किलोच्या बॅचमध्ये ५५ किलो भुसा म्हणजे ४.४ किलो पाणी तुम्ही हॉपरमध्ये टाकताय. बॅरलमध्ये १७०-१९० अंश तापमान आहे, तिथे त्या पाण्याची वाफ होते, आणि १ लिटर पाण्याची वाफ मोकळ्या हवेच्या दाबाला जवळपास १,६०० पट जागा घेते. म्हणजे एका बॅचमागे सात हजार लिटरच्या वर वाफ. व्हेंटमधून सगळी निघत नाही, उरलेली डायच्या, म्हणजे फळीला आकार देणाऱ्या तोंडाच्या, बाहेर पडताना फळीतच फुगते, आणि तुम्हाला दिसतात ती बारीक भोकं हीच. ही भोकं एकमेकांना जोडली गेली की फळीत पाण्यासाठी रस्ता तयार. वर दुसरा तोटा असा की ओल्या भुशावर कपलिंग एजंटही नीट काम करत नाही, तो आधी पाण्याशीच भिडतो.

म्हणून भुसा १ टक्क्याच्या आत आला पाहिजे, १०० ते १०५ अंशाला, मॉइश्चर मीटरने बघून, हाताने चोळून अंदाज घेऊन नाही. आणि वाळवलेला भुसा गोणीत भरून रात्रभर शेडमध्ये ठेवायचा नाही, पावसाळ्यात तो परत ओल खेचतो. ड्रायर ते हॉपर हा प्रवास बंद डब्यातून आणि त्याच पाळीत झाला पाहिजे. व्हॅक्यूम व्हेंट असेल तर पंपाची लाइन उघडून बघा, भुशाने चोंदलेली असते आणि गेजचा काटा मात्र छान दाखवत असतो. एक गोष्ट जिवाची आहे ती आत्ताच सांगते, कोरडा बारीक भुसा हवेत उडत असेल तर ठिणगीने स्फोट होतो, ड्रायरच्या आसपास धूळ साठू देऊ नका, अर्थिंग तपासून घ्या, तिथे वेल्डिंग तर नाहीच.

आता कपलिंग एजंट. लाकडाच्या कणावर हायड्रॉक्सिल गट असतात, पाण्याला तेच धरतात. एचडीपीईला त्यांच्याशी काही देणंघेणं नाही, त्यामुळे दोघांच्या मधे फट राहते आणि पाणी त्या फटीतून सरकत पुढच्या कणापर्यंत जातं. मॅलेइक अनहायड्राइड जोडलेलं पॉलिथिलीन, म्हणजे एमएपीई, हे दोघांचे हात धरणारं आहे, त्याचं अनहायड्राइडचं टोक लाकडाच्या हायड्रॉक्सिलशी एस्टरचा बंध करतं आणि लांब शेपूट एचडीपीईच्या साखळ्यांत गुंततं. फट बंद होते, पाणी धरणारे थोडे गटही अडकून पडतात, आणि फळीची ताकदही वाढते. १ टक्का कमी आहे, एकूण वजनाच्या २ ते ३ टक्के करून बघा. ५ च्या वर गेलात तर पैसे जातात, फायदा फारसा वाढत नाही. आणि ते तुमच्या प्लास्टिकच्या जातीचंच हवं, एचडीपीईला एमएपीई, पीपीला, म्हणजे पॉलिप्रॉपिलीनला, एमएपीपी, कोणी स्वस्तात देतोय म्हणून पीपीवालं घेऊन एचडीपीईत टाकलं तर त्याची शेपूट तिथे गुंतत नाही. रिप्रोसेस मालात पीपीची भेसळ किती येते तेही बघा, डबे आणि ड्रमचा माल एकत्र येतो तेव्हा झाकणं, दोऱ्या, गोण्या असं सगळं पीपी सोबत येतं.

पण तुमच्या रेसिपीतली मोठी गडबड मला झिंक स्टिअरेटची वाटते. तो लुब्रिकंट म्हणून चांगलाच आहे, फळी गुळगुळीत येते, मशीनचा लोड कमी होतो, पण धातूचे स्टिअरेट मॅलेइक एजंटच्या वाटेत येतात, एजंटचं जे टोक लाकडाला धरायचं तेच खर्ची पडतं. म्हणजे महागाचा एजंट घालायचा आणि स्वस्तातल्या पावडरीने तो मारायचा. धातू नसलेला, एस्टर किंवा अमाइड जातीचा लुब्रिकंट मागा, सप्लायरला स्पष्ट सांगा की मॅलेइक एजंटसोबत चालणारा हवा. नुसता हा एक बदल करून एक लॉट काढा आणि मगच एजंटची टक्केवारी वाढवायची का ते ठरवा, दोन्ही एकदम बदललं तर कशाने काय झालं कळणार नाही.

भुसा ५५ टक्के ठेवायचाच असेल तर ठेवा, पण ६० कडे जाऊ नका. निम्म्याच्या पुढे गेलं की कण एकमेकांना टेकायला लागतात आणि पाणी कणाकणातून उड्या मारत आतपर्यंत जातं, प्रत्येक कणाभोवती प्लास्टिक पुरत नाही. चाळणीही बघा, ४० ते ८० मेशचा एकसारखा भुसा चांगला, सॉ मिलच्या गोणीतली लांब सालपटं तशीच गेली तर ती फळीत वातीसारखी काम करतात.

लॅबला पाठवायच्या आधी शेडमध्येच कळावं म्हणून एक सोपी चाचणी देते. फळीचा भरीव तुकडा कापा, कोरडं वजन घ्या, मग दोऱ्याला बांधून पाण्यात पूर्ण बुडवून किती पाणी बाजूला सरतं ते मोजा, भागाकार केला की घनता आली. ५५ टक्के लाकूड आणि ४५ टक्के एचडीपीईची भरीव फळी १.१५ (ग्रॅम प्रति घन सेंटीमीटर) च्या आसपास यायला हवी. १.०५ आली तर आत आठ-दहा टक्के पोकळी आहे, वरून कितीही चकचकीत दिसो, तो लॉट पाण्याच्या टेस्टला बसणार नाही. कापलेला भाग ब्लेडने गुळगुळीत तासून दहापटीच्या भिंगाखाली धरा. भुशाचा कण भोवतीच्या प्लास्टिकला घट्ट चिकटलेला दिसला तर चांगलं, कणाभोवती काळी कड दिसली तर ती फट आहे, बंध बसलेलाच नाही. कड नाही पण गोल गोल खड्डे आहेत तर दोष वाफेचा, म्हणजे ड्रायरचा. कोणत्या दिशेला पैसे घालायचे ते हे भिंग पाच मिनिटांत सांगतं.

झिंक बोरेट कोणी सुचवलं असेल तर ते बुरशीसाठी आहे, १-२ टक्के घालतात आणि घालावंच, पण त्याने पाणी अडत नाही.

नमस्कार, इगतपुरी भागात आमची भाताची गिरणी आहे, तूस भरपूर निघतं. आणि मेहुण्यांच्या दिंडोरीच्या द्राक्षबागेतून छाटणीच्या काड्या. दोन्हीपासून डब्ल्यूपीसीचा कच्चा माल करता येईल का, की ओलाव्याला टिकणार नाही? (एक तरुण, घोटी)

तूस येईल, आणि ओलाव्याच्या बाबतीत ते लाकडाच्या भुशापेक्षा वाईट नाही, तुसात सिलिका बरीच असते आणि बाहेरची बाजू मेणचट असते. अडचण वेगळीच आहे, ती सिलिका स्क्रू आणि बॅरल घासून खाते, म्हणून मशीनवाला तुमचा माल घ्यायला का कू करेल. स्क्रूला कठीण धातूचं कोटिंग असलेले लोक घेतात, त्यांच्याकडे जा. दळलेलं, चाळलेलं आणि वाळवून बंद पिशवीत भरलेलं तूस दिलं तर भाव मिळेल, गिरणीतून निघालेलं तसंच दिलं तर ते वीटभट्टीच्याच भावाने जाईल.

काड्यांबद्दल जरा सावध राहा. एप्रिलच्या खरड छाटणीच्या आणि ऑक्टोबरच्या गोडी छाटणीच्या काड्या ताज्या असतात तेव्हा त्यांचं निम्म्याजवळ वजन पाण्याचंच असतं, आणि मधला भेंडासारखा गाभा सच्छिद्र, तो जास्त पाणी पितो. साल आणि गाभा जितका चाळून काढता येईल तितका काढा. दुसरी गोष्ट बागायतदाराच्या घरात सांगायला नको, काड्यांवर फवारणीचं बोर्डो मिश्रण बसलेलं असतं, म्हणजे तांबं. तांब्यामुळे प्लास्टिक, खास करून पीपी, उन्हात आणि उष्णतेत लवकर खराब होतं, मग त्याला चिरा पडतात आणि चिरांतून पाणी. म्हणून काड्यांचा भुसा पीपीत नको, एचडीपीईत आणि तोही सॉ मिलच्या भुशात थोडा मिसळून सुरुवात करा. ऑक्टोबरपेक्षा एप्रिलच्या काड्या घ्या, उन्हाळा समोर असतो, अंगणात पसरून फुकटात बऱ्यापैकी वाळतात, ड्रायरचं डिझेल वाचतं.

मॅडम, मी इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे, प्रोजेक्ट डब्ल्यूपीसीच्या पाणी शोषणावर आहे. २४ तास पाण्यात ठेवून वजन घेतलं, फरक इतका कमी आला की गाईड म्हणतात यात काही नाही. भुशावर अॅसिटिलेशन करून बघू का? (एक विद्यार्थिनी, आडगाव)

अगं, २४ तासांत काय कळणार. पाणी शोषणाच्या एएसटीएम डी ५७० या मानकात २४ तासांची चाचणी आहे हे खरं, पण डब्ल्यूपीसीत पाणी फार हळू शिरतं, जाड फळी भरायला महिनेच्या महिने लागतात. जाडी दुप्पट केली की वेळ चौपट लागतो, म्हणून पातळ नमुने घे, २ मिलीमीटरच्या आसपासचे, आणि वजन स्थिर होईपर्यंत घेत राहा, सुरुवातीला रोज, नंतर आठवड्याला. आलेख काढताना आडव्या अक्षावर वेळेचं वर्गमूळ घे, सुरुवातीचा भाग सरळ रेषेत यायला हवा आणि त्या रेषेच्या चढावरून पाणी किती वेगाने शिरतं ते काढता येतं. गाईडना हा आलेख दाखव, बोलणं तिथेच मिटेल.

नमुन्यांचे दोन गट कर, एकाच्या कडा इपॉक्सीने बंद, दुसऱ्याच्या उघड्या. दोन्हीतला फरक म्हणजे कापलेल्या कडेतून गेलेलं पाणी, आणि हा आकडा प्रत्यक्षात फळी बसवणाऱ्याच्या सगळ्यात कामाचा आहे. वजनाबरोबर मायक्रोमीटरने जाडीही घेत जा. आणि एकदा पूर्ण भिजवून, सुकवून, परत भिजव. दुसऱ्यांदा वेग वाढला तर आत चिरा पडल्या हे सिद्ध होतं. हा भाग बहुतेक प्रोजेक्टमध्ये नसतो, तू कर.

अॅसिटिलेशनची कल्पना चांगली आहे, त्यात हायड्रॉक्सिलच्या जागी असिटिल गट बसतात आणि लाकडाची तहानच कमी होते, बाहेर अशा प्रक्रियेचं लाकूड बाजारात विकलंही जातं. पण त्यासाठी लागणारं अॅसिटिक अनहायड्राइड आपल्याकडे अमली पदार्थांच्या एनडीपीएस कायद्याखाली नियंत्रित पदार्थ आहे, ते कुठूनही आणून प्रयोग करायची गोष्ट नाही, कॉलेजच्या परवानगीने आणि कागदपत्रांनीच. त्यापेक्षा भुसा उष्णतेने सुधारून बघ, ऑक्सिजन कमी ठेवून २०० अंशाजवळ. लाकडात सगळ्यात जास्त पाणी धरतं ते हेमिसेल्युलोज आणि उष्णतेने आधी तेच मोडतं. ताकद थोडी कमी होईल, ती किती कमी झाली तेही मोज. ऑक्सिजन कमी ठेवायचा बंदोबस्त नसेल तर मात्र भुसा पेट घेईल, तेव्हा एकटीने नाही.

गंगापूर धरणाच्या बाजूला एका रिसॉर्टच्या पूलसाईडचं काम आहे. क्लायंट विचारतोय कॅपवाली फळी आणि साधी फळी यात एवढा भावाचा फरक देण्यासारखा आहे का? (एक आर्किटेक्ट, गंगापूर रोड)

पूलसाईडला हो, देण्यासारखा आहे. कॅप म्हणजे डायमध्येच फळीवर चढवलेला भुसा नसलेला प्लास्टिकचा थर, त्यामुळे वरून पाणी, ऊन, सनस्क्रीनचे डाग काहीच भुशापर्यंत जात नाही. उन्हाचाही प्रश्न आहे कारण साध्या फळीचा वरचा थर उन्हाने खडूसारखा होतो आणि मग पाणी पितो. पण फळी चारी बाजूंनी कॅप केलेली आहे की तीन, हे कॅटलॉगवर नाही, कापलेल्या नमुन्यावर बघा. पूलला ओल खालून येते, तीन बाजूंवाली तिथे कामाची नाही. आणि कॅप असली तरी साईटवर कापलेलं टोक उघडंच असतं, ते सील करण्याची ओळ थेट बीओक्यूमध्ये, म्हणजे कामाच्या मापा-दरांच्या यादीत, लिहा आणि त्याचे पैसे वेगळे द्या, नाहीतर ते कोणी करत नाही.

ताई, मी सुतारकाम करतो. बाथरूमच्या चौकटीला डब्ल्यूपीसी बसवतो, गिऱ्हाईक विचारतं हेपण फुगणार का. (एक मिस्त्री, पंचवटी)

दादा, चौकट आणि दरवाजासाठी मिळणारा बहुतेक माल वेगळा असतो, त्यात पीव्हीसी फोम जास्त आणि भुसा थोडा, तो डेकच्या फळीसारखा फुगत नाही, वाळवीही लागत नाही. पण नाव एकच असल्यामुळे बाजारात काहीही विकलं जातं, म्हणून नवीन दुकानातून माल घेताना एक कापलेला तुकडा मागून आणा, सराफाच्या किंवा किराण्याच्या बारीक काट्यावर वजन करा, आठवडाभर बादलीत दगडाखाली बुडवून ठेवा, पुसून परत वजन करा. वजन जवळजवळ तेवढंच राहिलं तर चौकट बिनधास्त लावा. स्क्रूला आधी बारीक भोक पाडा, कडेपासून लांब, आणि गिझरच्या गरम पाइपाला किंवा पश्चिमेच्या कडक उन्हाला टेकून लावू नका, पीव्हीसी उष्णतेने मऊ पडून वाकतं आणि मग दरवाजा घासायला लागला की गिऱ्हाईक पाण्यालाच दोष देतं.